३० सप्टेंबरची समानता

मुलींच्या शिक्षणाचा प्रश्न महाराष्ट्रात संपला, असं आता दबक्या आवाजात नव्हे, उघडपणे बोललं जातं. बोलणारे वेगवेगळे असतात. कुणी शिक्षण खात्याच्या खर्चात बचत शोधत असतो, कुणाला दहावीच्या निकालाचा मथळा पुरेसा वाटतो, तर कुणाला मुलग्यांवर अन्याय होतोय अशी खरोखरच काळजी असते. युक्तिवाद मात्र सगळ्यांचा एकच, आणि तो चार पायऱ्यांचा आहे. पहिली ते आठवीच्या पटावर मुली आता मुलग्यांच्या बरोबरीने आहेत. परीक्षेत त्या मुलग्यांच्या पुढे आहेत. माध्यमिक शाळेतून गळणाऱ्यांत मुलग्यांचं प्रमाण जास्त आहे. तेव्हा मुलींना शाळेपर्यंत आणण्यासाठी उभ्या केलेल्या व्यवस्था, म्हणजे वस्तीवरची लहान शाळा, एसटीचा मोफत पास, वसतिगृह, भत्ता, आता आटोपत्या घ्यायला हरकत नाही.

पहिल्या तीन पायऱ्या खऱ्या आहेत आणि या लेखात त्या नाकारायच्या नाहीत. चौथी पायरी मात्र त्या तिन्हींवर टेकलेली नाही. उलट पहिल्या तिन्हींचा अर्थ नीट लावला, तर चौथीच्या नेमकं विरुद्ध टोक हाती येतं. ते कसं, हे सांगण्यासाठी हा प्रतिवाद.

आधी जे कमावलं त्याचं माप घेऊ, कारण ते लहान नाही. 'असर' या ग्रामीण भारतातल्या शालेय शिक्षणाच्या पाहणीत २००६ साली ११ ते १४ वयाच्या १०.३ टक्के मुली शाळेबाहेर होत्या. २०१८ साली हा आकडा ४.१ टक्क्यांवर आणि २०२२ साली २ टक्क्यांवर आला. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने 'यूडायस प्लस' या शाळांच्या देशव्यापी आकडेवारीचा २०२१-२२चा अहवाल काढला तेव्हा लिंगसमानता निर्देशांक शालेय शिक्षणाच्या सर्व स्तरांवर एक किंवा एकाहून अधिक असल्याचं जाहीर केलं. प्राथमिक आणि माध्यमिक शिक्षणातली दरी २००५पर्यंत मिटवू, असं जगातल्या देशांनी २००० साली ठरवलं होतं आणि ती मुदत चुकवली होती. त्या पार्श्वभूमीवर भारतासारख्या देशाने हा टप्पा गाठणं ही मोठी गोष्ट आहे. पण ते यश हवापालटाने आलेलं नाही. शाळा जवळ आली, प्रवास फुकट झाला, पाठ्यपुस्तकं आणि दुपारचं जेवण शाळेत मिळू लागलं, वस्तीवर जाऊन नावं गोळा करणारे गुरुजी आणि बाई राबल्या, म्हणून ते आलं. ज्या खांबांवर हे छप्पर उभं आहे, ते छप्पर उभं राहिलं या कारणावरून काढायचे, असा हा चौथ्या पायरीचा न्याय आहे.

आता तो निर्देशांक. तो काढायची रीत सोपी आहे. ठरावीक वयोगटातल्या मुलींपैकी शेकडा किती पटावर आहेत, याला त्याच वयोगटातल्या मुलग्यांच्या तशाच दराने भागायचं. उत्तर ०.९७ ते १.०३ यांच्या दरम्यान आलं की समानता झाली, असं 'युनेस्को' मानते. रीत चुकीची नाही. मात्र ती कशाकडे पाहते आणि कशाकडे पाठ फिरवते, हे माहीत नसेल तर तिच्यावरून काढलेला निष्कर्ष फसवतो.

पहिली गोष्ट म्हणजे छेद. हा भागाकार जन्माला आलेल्या, जगलेल्या मुलींचा आहे. मंत्रालयाच्या त्याच निवेदनाचा आशय असा की, शाळेतलं मुलींचं प्रमाण त्या वयोगटातल्या लोकसंख्येतल्या मुलींच्या प्रमाणाला धरून आहे. हे शंभर टक्के खरं आहे आणि नेमकं तिथेच दुखणं आहे. २०११च्या जनगणनेत शून्य ते सहा वयोगटात महाराष्ट्रात हजार मुलग्यांमागे ८९४ मुली होत्या. दहा वर्षांपूर्वी त्या ९१३ होत्या. बीड जिल्ह्यात तर हा आकडा ८०७ होता. मार्च २०२४मध्ये दहावीच्या परीक्षेला बसलेली बहुतेक मुलं त्या जनगणनेच्या वेळी दोन-तीन वर्षांची होती. राज्य मंडळाकडे त्या परीक्षेसाठी सुमारे ८ लाख ५९ हजार मुलग्यांनी आणि सुमारे ७ लाख ५० हजार मुलींनी नाव नोंदवलं. हजारामागे ८७३ मुली. पुन्हा बसणाऱ्यांत मुलगे जास्त असतात, ते वगळले तर हे प्रमाण जनगणनेच्या आकड्याजवळच जाऊन थांबेल. याचा अर्थ असा की पहिलीत आलेल्या बहुतेक मुली दहावीपर्यंत टिकल्या, याचं श्रेय शाळेला द्यायला हवं. पण परीक्षेच्या सभागृहात दिसणारी लाखभराची तफावत सगळी काही निसर्गाने केलेली नाही. निसर्गाचं प्रमाण हजाराला ९५०च्या आसपास धरलं, तरी हजारो बाकं अशा मुलींची आहेत ज्यांचा प्रवेश सोनोग्राफीच्या खोलीतच नाकारला गेला. निर्देशांक त्यांना मोजत नाही. मोजू शकतच नाही. ज्या समाजाने मुलीला जन्माआधी वगळलं, त्याच समाजाच्या शाळेचा निर्देशांक एक भरतो आणि आपण टाळ्या वाजवतो.

कुणी म्हणेल, हा आरोग्य खात्याचा विषय आहे, शाळेचा नाही. मग 'मुलींचा प्रश्न संपला' हे वाक्यही शाळेच्या आकड्यावरून बोलू नये. निर्देशांक जर फक्त शाळेच्या दारापुरता असेल, तर निष्कर्षही दारापर्यंतच जायला हवा.

दुसरी गोष्ट म्हणजे तारीख, आणि या लेखाचा गाभा इथे आहे. यूडायसची आकडेवारी वर्षानुवर्षं ३० सप्टेंबर ही संदर्भ तारीख धरून गोळा झाली. शिक्षकांची पदं ठरवणारी आपल्याकडची संचमान्यताही ३० सप्टेंबरच्या पटावरच होत आली. आता मराठवाड्याचं दिनमान डोळ्यांसमोर आणा. सप्टेंबरअखेर पावसाळा सरत आलेला असतो आणि माणसं गावात असतात. दसरा होतो, दिवाळी येते, ऊसतोडीच्या मुकादमाकडून घेतलेली उचल आधीच घरात खर्च झालेली असते आणि ट्रक, ट्रॅक्टर वस्तीवर येऊन उभे राहतात. बीड, जालना, परभणी, धाराशिव, अहिल्यानगरचे पाथर्डी-शेवगाव या पट्ट्यातून लाखो माणसं ऊस तोडायला कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि थेट उत्तर कर्नाटकातल्या कारखान्यांच्या फडांवर जातात. परत येतात ती मार्च-एप्रिलमध्ये. म्हणजे आपण मुलं मोजतो ती सगळी घरी असताना. मोजून झालं की महिनाभरात ती निघून जातात. शाळेचं अर्ध्याहून अधिक वर्ष ती नसतात आणि पटावर मात्र बारा महिने हजर असतात.

शाळाबाह्य मुलांची शिरगणतीही याच चालीची. ४ जुलै २०१५ रोजी राज्यभर एका दिवसात शाळाबाह्य मुलांचं सर्वेक्षण झालं आणि मोजलेल्या मुलांच्या बोटाला मतदानासारखी शाई लावली गेली. जुलैत उसाच्या फडावर कोण असतं? टोळ्या गावात असतात, पेरणीच्या गडबडीत असतात. फडावरची मुलं शोधायला आपण फड रिकामे असताना निघालो. राज्याचा नियम सांगतो की सलग महिनाभर गैरहजर राहिलेलं मूल शाळाबाह्य धरावं. हा नियम प्रामाणिकपणे जानेवारीत लावला, तर या तालुक्यांतल्या कित्येक वर्गांचा पट एका दिवसात उतरेल. म्हणून तो जानेवारीत लावला जात नाही.

यात एकट्या गुरुजींना दोष देणं सोपं आणि अन्यायाचं आहे. पट घटला की पद जातं, पद गेलं की शाळा दोनशिक्षकीची एकशिक्षकी होते, आणि मागे राहिलेल्या मुलांचंच नुकसान होतं. शिवाय आठवीपर्यंत मुलाला शाळेतून काढता येत नाही, असं शिक्षण हक्क कायदा सांगतो. तेव्हा नाव राहतं. पण पट आणि हजेरी यांच्यातली दरी राज्याला ठाऊकच नाही, असं कुणी म्हणू नये. ऑक्टोबर २०११मध्ये, म्हणजे ३० सप्टेंबर उलटून तीनच दिवसांनी, राज्यभर पटपडताळणी झाली. तेव्हा हजाराहून अधिक शाळांत निम्मीही मुलं हजर सापडली नव्हती. त्या मोहिमेचं लक्ष्य अनुदान लाटणाऱ्या संस्था होत्या आणि ते योग्यच होतं. मात्र गैरहजरांत मुली किती, त्या नेमक्या कुठे आहेत, हा प्रश्न कारवाईच्या गदारोळात कुणी विचारला नाही.

स्थलांतराचा फटका मुलगे-मुली दोघांनाही बसतो, मग यात लिंगभेद कुठे आला, असा आक्षेप येईल. तो इथे येतो. ऊसतोडीत मजूर मोजायचं एकक माणूस नसून कोयता आहे. नवरा-बायको मिळून एक कोयता आणि उचल मिळते ती त्या जोडीला. पहाटे अंधारात आईबाप फडात उतरले की कोपीवर, म्हणजे तात्पुरत्या झोपडीत, धाकटी भावंडं, पाणी, चूल आणि जनावरं राहतात. ते सांभाळायला दहा-अकरा वर्षांची मुलगी लागते. मुलग्याला आजीपाशी गावात ठेवता येतं. त्याची शाळा चालू राहावी म्हणून घरं ती तडजोड करतातही. वयात येणाऱ्या मुलीला मागे ठेवायला आईचा जीव धजावत नाही आणि तिच्यावाचून कोपीही चालत नाही. पुढे तिचं लग्न झालं की आणखी एक कोयता तयार होतो. मुलीच्या शाळेविरुद्ध इथे परंपरा एकटी उभी नाही. तिच्या पाठीशी रोख उचल आहे.

यावर उपाय नाहीत असं नाही. मुलांना गावातच थांबता यावं म्हणून हंगामी वसतिगृहांची योजना आहे, दुसऱ्या गावच्या शाळेत बसता यावं म्हणून शिक्षण हमी पत्रक आहे, तालुक्याच्या ठिकाणी ऊसतोड कामगारांच्या मुलामुलींसाठी संत भगवानबाबांच्या नावाची शासकीय वसतिगृहं सुरू झाली आहेत. एकेकाळी कारखान्यांच्या आवारात साखरशाळा भरत. यातलं काहीही फुकट गेलेलं नाही. अडचण वेळेची आहे. टोळी दिवाळीला निघते आणि वसतिगृहाची मंजुरी अनेकदा त्यानंतर येते. ट्रकमध्ये चढलेली मुलगी मंजुरीचा कागद आला म्हणून उतरत नाही.

तिसरी गोष्ट, शाळा कोणती. निर्देशांकाला शाळा म्हणजे शाळा. एकाच घरातला मुलगा पिवळ्या गाडीतून इंग्रजी माध्यमाच्या शाळेत जातो आणि बहीण चालत झेडपीच्या शाळेत जाते. पटावर दोघं समान. 'असर'च्या २०१४च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या ७ ते १० वयाच्या मुलग्यांपैकी ३५.६ टक्के खासगी शाळेत होते, मुलींपैकी २७.७ टक्के. अकरा ते चौदा वयोगटातही जवळपास तेवढंच अंतर होतं. इथे एक खुलासा केला पाहिजे. खासगी शाळा चांगली आणि झेडपीची वाईट, असं हा लेख मानत नाही. अनेक तालुक्यांत गोष्ट उलटी आहे. प्रश्न आईबापांच्या मनातल्या क्रमवारीचा आहे. फी भरायची वेळ आली की खिशातला हात कुणासाठी बाहेर येतो, हे त्या आठ टक्क्यांत दिसतं. हीच क्रमवारी पुढे मोबाइलमध्ये दिसते. 'असर'च्या २०२३च्या पाहणीत स्मार्टफोन वापरता येणाऱ्या १४ ते १८ वयाच्या मुलग्यांपैकी ४३.७ टक्क्यांकडे स्वतःचा स्मार्टफोन होता, मुलींपैकी १९.८ टक्क्यांकडे.

आणि याच क्रमवारीमुळे सरकारी शाळेचा प्रश्न हा मुलींचा प्रश्न बनतो. झेडपीची शाळा बंद पडली तर मुलग्यासाठी घरात दुसरा पर्याय शोधला जातो. मुलीसाठी अनेक घरांत तीच शाळा पहिली आणि शेवटची असते.

आता दुसऱ्या पायरीकडे, म्हणजे निकालाकडे वळू. दहावीच्या २०२४च्या निकालात मुली ९७.२१ टक्के उत्तीर्ण झाल्या, मुलगे ९४.५६ टक्के. बारावीत हे आकडे ९५.४४ आणि ९१.६० होते. मुलींचं कौतुक व्हायलाच हवं. पण उत्तीर्णांचं शेकडा प्रमाण हे परीक्षेला पोहोचलेल्यांचं असतं. वाटेत थांबलेल्यांचा हिशेब त्यात नसतो. नववीत लग्न झालेली मुलगी नापास होत नाही. ती निकालात नसतेच.

त्या थांबलेल्या मुलींचा हिशेब शिक्षण खात्याकडे नाही, आरोग्याच्या पाहणीत आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९ ते २१ दरम्यान, महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. बीड जिल्ह्यात हे प्रमाण ४३ टक्क्यांहून अधिक, परभणीत ४८च्या आसपास होतं. या स्त्रिया शाळेच्या वयाच्या कधी होत्या, हे पाहिलं की चित्र स्पष्ट होतं. सर्व शिक्षा अभियान २००१मध्ये सुरू झालं, शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१०ला लागू झाला. या मुलींचं बालपण नेमकं त्याच वर्षांतलं. ज्या वर्षांच्या पटनोंदणीचा आपण अभिमान सांगतो, त्या पटावरच्या या मुली आहेत. त्यांची नोंदणी झाली, त्या आकड्यांत आल्या, निर्देशांक एकापाशी नेण्यात त्यांचा वाटा आहे, आणि परभणीत त्यांच्यातल्या जवळपास निम्म्या अठराच्या आत सासरी गेल्या. पायाभूत शिक्षणातली समानता खरी असती, तर तिचा एवढा तरी परिणाम दिसायला हवा होता की आठवीच्या पुढे पाऊल टाकताना मुलीच्या बाजूने घरात एक आवाज उठेल.

तिसरी पायरी मुलग्यांच्या गळतीची. ती सगळ्यांत गंभीरपणे घ्यायला हवी, कारण ती खरी आहे आणि तिच्यामागची काळजीही अनेकदा खरी असते. माध्यमिक स्तरावर मुलग्यांची गळती मुलींपेक्षा जास्त आहे, हे यूडायसचेच आकडे सांगतात. गॅरेज, हॉटेल, बांधकाम, पुण्या-मुंबईकडचं मिळेल ते काम, असा त्यांचा रस्ता असतो. या मुलग्यांसाठी काही केलं पाहिजे, यावर वाद नाही.

पण दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. एक गणिताची. निर्देशांक हे गुणोत्तर असल्यामुळे मुलगे गळाले तरी तो सुधारतो. ऐंशी टक्के मुली आणि नव्वद टक्के मुलगे शाळेत असतील तर तो ०.८९ भरतो. मुलग्यांतले दहा टक्के वीटभट्टीवर गेले की तोच निर्देशांक एक होतो, आणि एकही मुलगी नव्याने शाळेत आलेली नसते. तेव्हा मुलग्यांच्या गळतीची काळजी असणाऱ्यांनी तर या निर्देशांकाचा दाखला सगळ्यांत आधी सोडायला हवा. दुसरी गोष्ट परतीची. शाळा सुटलेला मुलगा सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसू शकतो, आयटीआय गाठू शकतो, गावातली माणसं त्याला तसं सुचवतात तरी. सासरी गेलेल्या सोळा वर्षांच्या मुलीला तो फॉर्म कोण आणून देणार? दोघांचं जाणं एकाच रकान्यात 'गळती' म्हणून भरलं जातं. परत येण्याची वाट दोघांना सारखी नाही. आणि मुलग्यांना टिकवण्यासाठी जे लागेल, म्हणजे जवळची शाळा, पुरेसे शिक्षक, वसतिगृह आणि शिकताना घराला आधार, तेच मुलींनाही लागतं. मुलींचा पास काढून घेतल्याने एकही मुलगा वीटभट्टीवरून वर्गात येत नाही.

मग चौथी पायरी कशावर उभी आहे? पैशावर. शाळा बंद करण्याची चर्चा कमी पटाच्या नावाने चालते. २०१७मध्ये दहापेक्षा कमी पटाच्या सुमारे तेराशे शाळा बंद करून जवळच्या शाळेत मिसळण्याचा निर्णय झाला. २०२२मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांची माहिती मागवली गेली, तेव्हा त्या चौदा हजारांहून अधिक निघाल्या. २०२३मध्ये समूह शाळांची कल्पना पुढे आली. लहान शाळा मोठ्या शाळेत आणायच्या आणि मुलांना गाडीने पोहोचवायचं. कागदावर ही कल्पना वाईट नाही. चार मुलांच्या वर्गात खेळ, गटकाम, स्पर्धा होत नाही, हे लहान शाळांतले शिक्षकही सांगतात. पण नियमाने प्राथमिक शाळा एक किलोमीटरच्या आत आणि उच्च प्राथमिक तीन किलोमीटरच्या आत हवी, हे कुणाला डोळ्यांसमोर ठेवून ठरलं? तांड्यावरून, पाड्यावरून, धनगरवाड्यावरून चालत येणाऱ्या लहान मुलांना आणि त्यातही मुलींना. अंतर वाढलं की मुलग्यासाठी गैरसोय वाढते आणि मुलीसाठी निर्णय बदलतो.

याला पुरावा हवा असेल तर बिहारकडे पाहा. तिथे २००६पासून नववीतल्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले गेले. कार्तिक मुरलीधरन आणि निशिथ प्रकाश या अर्थतज्ज्ञांनी केलेल्या अभ्यासात या एका उपायाने मुलींची माध्यमिक शाळेतली नोंदणी ३२ टक्क्यांनी वाढल्याचं आणि मुलगे-मुलींतलं अंतर ४० टक्क्यांनी घटल्याचं दिसलं. अभ्यासक्रम तोच, शिक्षक तेच आणि आईबापही तेच. बदललं फक्त अंतर.

गाडीने पोहोचवू, या आश्वासनाची परीक्षाही महाराष्ट्रात झालेली आहे. करोनानंतर ४ ऑक्टोबर २०२१ला ग्रामीण भागातले पाचवी ते बारावीचे वर्ग उघडले. त्याच महिन्याच्या अखेरीस एसटीचा संप सुरू झाला आणि एप्रिल २०२२पर्यंत, जवळपास सहा महिने, चालला. कामगारांच्या मागण्यांबद्दल इथे काही म्हणायचं नाही. म्हणायचं एवढंच की मोफत पासावर शाळेत जाणाऱ्या, मानव विकास कार्यक्रमाच्या निळ्या बसची वाट पाहणाऱ्या मुलींच्या वर्षातली ही मुख्य शिकण्याची सहामाही होती. ज्याला सायकल, मोटारसायकल, मित्राच्या गाडीवर मागची जागा मिळाली, तो गेला. आणि केंद्राने सर्व स्तरांवर समानता जाहीर केली ते वर्ष कोणतं? २०२१-२२. बस आगारात उभी आणि निर्देशांक एकावर, हे एकाच वर्षात घडू शकलं, कारण मोजणी दाखल्याची होते, प्रवासाची नाही.

पैशाची काटकसर किती जुनी आहे, हेही पाहण्यासारखं आहे. बडोदा संस्थानाने १९०६मध्ये सक्तीचं प्राथमिक शिक्षण सगळीकडे लागू केलं तेव्हा ते मुलग्यांना बाराव्या वर्षापर्यंत आणि मुलींना दहाव्या वर्षापर्यंत होतं. त्या काळात हे पाऊल धाडसाचंच होतं, तरी दोन वर्षांची कात्री मुलीलाच लागली. १९२०च्या सुमारास पुणे नगरपालिकेपुढे सक्तीच्या मोफत शिक्षणाचा प्रश्न आला तेव्हा निधी अपुरा आहे, म्हणून सक्ती आधी मुलग्यांपुरती ठेवू, मुलींचं मागाहून पाहू, असा युक्तिवाद झाला. रमाबाई रानडे, विठ्ठल रामजी शिंदे यांनी त्याविरुद्ध आवाज उठवला आणि पुण्यातल्या स्त्रिया रस्त्यावर उतरल्या. त्यांनी निधी अपुरा आहे हे नाकारलं नव्हतं. अपुऱ्या निधीचा भार नेहमी एकाच बाजूने का पडावा, एवढंच विचारलं होतं. शंभर वर्षांनी युक्तिवादाचं तोंड फिरलं आहे. तेव्हा मुली मागे आहेत म्हणून त्यांच्यावर खर्च नको होता, आता त्या पुढे आहेत म्हणून नको आहे.

खर्च तरी किती? दारिद्र्यरेषेखालच्या अनुसूचित जाती-जमाती आणि भटक्या-विमुक्त कुटुंबांतल्या पहिली ते चौथीच्या मुलींना रोजच्या हजेरीसाठी दिवसाला एक रुपया भत्ता देण्याची योजना १९९२मध्ये सुरू झाली. तीन दशकं उलटली तरी तो रुपया रुपयाच राहिला. दाखल्याऐवजी हजेरीवर पैसे देणारी ही मोजक्या योजनांपैकी एक. म्हणजे विचार बरोबर होता, फक्त रक्कम थट्टेची होऊन बसली.

तेव्हा मागणं स्पष्ट आहे. पट सप्टेंबरात मोजायचा तर खुशाल मोजा, पण जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात दुसऱ्यांदा मोजा, आणि या वेळी हजेरी मोजा, मुलगे-मुली वेगळे करून, तालुकावार. त्या आठवड्यात गैरहजर असलेल्यांची नावं लावून त्यांना कारखान्याच्या शिवारात शोधा. कोणत्या गावची टोळी कोणत्या कारखान्याला गेली, हे मुकादमाला आणि कारखान्याच्या शेतकी खात्याला तोंडपाठ असतं. ते शिक्षण खात्याला माहीत नसावं, याला कारण नाही. जानेवारीच्या हजेरीमुळे शिक्षकाचं पद जाणार नाही, अशी हमी आधीच द्या, म्हणजे खरी हजेरी कळेल. हंगामी वसतिगृहांना मंजुरी गणपतीपर्यंत मिळू द्या, दसऱ्याला ती उघडू द्या, मुलींसाठी तिथे बाई राहायला असू द्या. पाचवीतून सहावीत आणि आठवीतून नववीत जाताना किती मुली दुसऱ्या शाळेत पोहोचल्या, हे प्रत्येक केंद्राने जूनअखेर जाहीर करावं. दाखला नेलेली मुलगी कुठे दाखल झाली, हे विचारणारा एक फोन कुणाला जड नाही. आणि वस्तीवरची कोणतीही शाळा मिसळण्याआधी तिथल्या प्रत्येक मुलीचा नवा रस्ता, गाडीची वेळ आणि गाडी बंद पडली तर काय, हे लेखी द्यावं. शाळा व्यवस्थापन समितीतल्या आयांची संमती त्यावर असावी.

यातलं काहीही मुलग्यांच्या वाट्यातून काढून घेतलेलं नाही. उलट जानेवारीची हजेरी फडावरच्या मुलग्यालाही पकडेल, वीटभट्टीवरच्यालाही. मुलींचा प्रश्न संपला असं ज्यांना मनापासून वाटतं, त्यांना या मोजणीची भीती वाटायचं कारण नाही. झाला तर त्यांचाच फायदा होईल. बीड, परभणी, जालन्याच्या वर्गांत जानेवारीतही मुली मुलग्यांइतक्याच बसलेल्या सापडल्या, तर त्यांचं म्हणणं सिद्ध होईल आणि हा प्रतिवाद निकालात निघेल. ही मोजणी होत नाही तोवर मात्र कमी पटाच्या यादीतली एकही शाळा बंद करण्याचा अधिकार कुणाला नाही. पुरावा द्यायची जबाबदारी शाळा मागणाऱ्या मुलीवर नसून ती शाळा काढून घेणाऱ्यावर आहे.